जोडीच्या वायरी

काटेकाकांच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं स्वागत एकाच प्रश्नाने व्हायचं. "वायरी कुठायत?"

गिऱ्हाईक बिचारं परातीएवढ्या तबकडीचा मीटर काखोटीला मारून घामाघूम होत आलेलं असायचं. मीटर बिघडला, मीटर आणला, आता या माणसाला आणखी काय हवंय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसायचं. पण काका मीटरला बोटसुद्धा लावायचे नाहीत. चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, "मीटर आणलात, शंट आणलात, उपकार झाले. त्या दोघांना जोडणाऱ्या दोन वायरी तेवढ्या भिंतीवर लटकत ठेवून आलात. जा, घेऊन या." आणि माणसं मुकाट्याने जायची, कारण अख्ख्या बाजारात काट्याच्या मीटरला हात घालणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. काट्याचे मीटर दुरुस्त करतात म्हणून काटेकाका. खरं आडनाव कुणाला आठवत नव्हतं आणि काकांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

या हट्टात थोडा आडमुठेपणा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण कारणही होतं. ते कारण काका कुणालाही ऐकवायचे. शेजारच्या चावीवाल्याला, केस कापणाऱ्याला, एकदा तर पाण्याची गळती बघायला आलेल्या प्लंबरला त्यांनी पाना हातात तसाच ठेवून ते पूर्ण ऐकायला लावलं होतं.

कारण असं. मीटरच्या पोटात एक वेटोळं असतं, केसासारख्या बारीक तारेचं. काटा हलवतं ते वेटोळं. पण त्याची ताकद ती किती! कारखान्यातला करंट त्याच्यातून सोडला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचा कोळसा होईल. म्हणून करंटच्या मुख्य वाटेत एक जाडजूड पट्टी बसवतात, तिला म्हणतात शंट. जवळजवळ सगळा करंट त्या पट्टीतून निघून जातो. पट्टीच्या दोन टोकांना दोन वायरी जोडलेल्या असतात, आणि त्यांच्यातून अगदी चिमूटभर करंट मीटरकडे येतो. तेवढ्यावर काटा हलतो. तबकडीवर आकडे मात्र सगळ्या करंटचे छापलेले. "म्हणजे मीटर करंट मोजत नाही," काका बोट वर करून म्हणायचे, "मीटर आपल्या वाट्याला काय आलं ते सांगतो. बाकीचा हिशेब तबकडीचा." आता वाटाच चिमूटभर, तर तो घेऊन येणाऱ्या वायरींचा अडथळाही धरावा लागतो. वायर बारीक घेतली, लांब घेतली, की अडथळा वाढला, मीटरचा वाटा घटला. काटा खाली बसतो आणि पट्टीतून जाणारा करंट मात्र जिथल्या तिथे. म्हणून मीटर, शंट आणि त्यांच्या जोडीच्या वायरी, तिघं एकत्र तपासायची. एकाला वगळून दोघांची साक्ष घ्यायची नाही.

प्लंबर म्हणाला होता, "काका, नळ गळतोय."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. चावीवाला एका बाजूला, झेरॉक्सवाला दुसऱ्या बाजूला, मध्ये हे. टेबलावर हिरवं जाड कापड, त्यावर काचेच्या झाकणाखाली काकांचा प्रमाण मीटर, बाकीचे मीटर ज्याच्याशी ताडून बघायचे तो. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. टेबलाच्या एका खणात जळलेली वेटोळी आणि उडालेले फ्यूज साठवलेले. मल्टिमीटर करंटच्या खुणेवर ठेवून तो थेट प्लगमध्ये खुपसणाऱ्या शहाण्यांची ती देणगी. असा एखादा शहाणा पुन्हा आला की काका तो खण उघडून दाखवायचे आणि "तुमचं कुठलं, ओळखा बघू" असं विचारायचे. खिडकीपाशी काकू बसायच्या. वेटोळं गुंडाळण्याचं काम त्यांचं. भिंग डोळ्याला लावून, श्वास आवरून, त्या तार अशी फिरवायच्या की एक वेढा दुसऱ्यावर चढणार नाही. काकांच्या हाताला ते कधीच जमलं नाही, आणि हे काकू दिवसातून एकदा तरी त्यांच्या कानावर घालायच्या.

दोघं सुखात होती. उगाच कुढणारी माणसं नव्हती ती. एकुलती एक लेक याच टेबलाखाली बसून मोठी झाली. लहानपणी तिचं सगळं काम धावतपळत. पाणी आणायला सांगावं तर अर्धं वाटेत सांडून यायची. काकांनी नाव ठेवलं धांदल, आणि तेच चिकटलं. तिचं लग्न निकेल प्लेटिंगच्या कारखानदाराच्या मुलाशी झालं. कारखाना तसा लहानच. नळांना, हँडलांना, कड्या-कोयंड्यांना चकाकी चढवण्याचा. नवरा माल पोचवायचा, ऑर्डरी आणायचा. प्लेटिंगची टाकी सांभाळायचे सासरे; त्यांना ती पप्पा म्हणायची. पण त्यांचे गुडघे बोलू लागले, टाकीपाशी तासन् तास उभं राहवेना, आणि त्यांनी हळूहळू टाकी सुनेच्या हाती दिली. तिने ती अशी सांभाळली की व्याही काकांना फोन करकरून सांगायचे, "तुमच्या पोरीचा हात लागला की पितळेलाही लाज वाटते हो, चांदी होऊन बसते." काका फोन ठेवून तेच वाक्य काकूंना सांगायचे, मग चावीवाल्याला, मग झेरॉक्सवाल्याला.

असं सगळं छान चाललेलं, आणि एकाएकी नळ जळके निघू लागले.

जळके म्हणजे आग लागलेले नव्हेत. कडांना काळपट, खरखरीत प्लेटिंग. करंट गरजेपेक्षा जास्त झाला की असं होतं. पण मीटर तर चाळीस अँपिअर दाखवत होता, आणि चाळीसच हवा होता. मग व्याह्यांनी टाकीतलं द्रावण तपासलं, नळ धुण्याची पद्धत तपासली, आणि शेवटी फोन उचलला.

"तुम्ही दुरुस्त केलेलाच मीटर आहे. एकदा बघता का? आणि मनाला लावून घेऊ नका हं."

काकांनी मनाला लावून घेतलंच. आपल्या हातचा मीटर, तोही लेकीच्या सासरी, आणि त्याच्यावर संशय! सुट्टीच्या दिवशी जावई मीटर आणि शंट घेऊन आला. काकांच्या जिभेच्या टोकावर नेहमीचा प्रश्न आलाही होता. पण जावयाला उंबऱ्यावरून परत कसं पाठवायचं? वायरी भिंतीवर पक्क्या बसवल्यात, सोडवायला भिंत उकरावी लागेल, असं तो म्हणाला. काका म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, माझ्याकडे आहेत की." एवढी वर्षं एकाही गिऱ्हाइकाला जी सूट दिली नाही ती व्याह्यांना भिडेखातर देऊन टाकली. आपल्या खणातली वायरींची जोडी लावली, प्रमाण मीटर शेजारी ठेवला, करंट सोडला. काटा चाळिसावर येऊन उभा राहिला. एका रेघेचाही फरक नाही.

काकांच्या जिवात जीव आला. मीटर बरोबर होता.

पुढच्या आठवड्यात नळ पुन्हा जळले. मीटर पुन्हा आला, पुन्हा वायरींशिवाय, आणि पुन्हा बरोबर निघाला. त्याच दरम्यान लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, मीटर काहीही म्हणो, टाकीत करंट जास्त आहे. नळांच्या भोवती बुडबुडे बघा ना कसे उसळतात. मला उतरवायचाय करंट, पण पप्पा म्हणतात चाळीसवर ठेव."

काका हसले. "धांदल, टाकी बघून करंट कळत नसतो गं. त्यासाठीच तर मीटर असतो."

तिने "बरं" म्हणून फोन ठेवून दिला.

मग एका दुपारी व्याह्यांनी दोघांना जेवायला बोलावलं. जेवण उत्तम होतं, गप्पाही झाल्या. हात पुसता पुसता व्याही अवघडून म्हणाले, "स्पष्टच विचारतो. मीटर अगदी बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर," काका म्हणाले. आवाजात नाही म्हटलं तरी थोडा ताठा होताच. "माझ्या प्रमाण मीटरला लावून दोनदा बघितलाय. त्यात बोट ठेवायला जागा नाही."

"मग झालं तर," व्याही म्हणाले. "आता टाकी काही दिवस पुतण्याकडे देतो म्हणतो. हिला जरा विश्रांती. पॅकिंगचं बघेल ती."

लेक समोरच बसली होती. तिने वडिलांकडे एकदा पाहिलं. ताटं उचलली आणि आत गेली.

घरी परतताना काकू रस्ताभर मूग गिळून बसल्या होत्या. काकांनी तीनदा विषय काढून पाहिला, हवेचा, रस्त्याच्या खोदकामाचा, व्याह्यांच्या गुडघ्यांचा. शेवटी घराचं कुलूप उघडताना काकूंचा तोल सुटला.

"मीटर बरोबर म्हणजे काय, कळलं का तुम्हाला? मीटर बरोबर, करंट बरोबर, मग चूक कुणाची? टाकीपाशी दुसरं कोण उभं असतं? आपल्या तोंडाने आपल्या पोरीला नालायक ठरवून आलात, आणि वर भरल्या पोटाने ढेकर दिलात."

"मी फक्त मीटरबद्दल बोललो," काका म्हणाले.

"हो ना. तिच्याबद्दल एक अक्षर नाही बोललात. तेच तर म्हणतेय मी."

काकांना मनातून खूप वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे की आतल्या आत एक आवाज म्हणत होता, पोरगी धांदरट आहेच, कशावरून तिचंच काही चुकत नसेल? हा आवाज त्यांनी काकूंना ऐकू दिला नाही. पण तो होता, आणि सकाळी चहा पितानाही होता.

व्याह्यांच्या कारखान्यात काका आजवर पाहुणे म्हणूनच गेले होते. केबिनमध्ये बसायचं, पंख्याखाली सरबत प्यायचं, "वा, छान" म्हणायचं आणि निघायचं. व्याह्यांच्या कामात नाक खुपसणं शोभत नाही, असं त्यांचं मत. त्या सकाळी त्यांनी दुकान उघडलंच नाही. काकूंना म्हणाले, "जाऊन येतो." कुठे ते काकूंनी विचारलं नाही. प्रमाण मीटर स्वतःच फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

केबिन जिना चढून वर होती, काचेची, तिथून खालच्या टाक्या दिसायच्या. व्याही खुर्चीत, पाय स्टुलावर. आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर, नाकासमोर, तो मीटर.

"हा इथे?" काका म्हणाले. "हा तर खाली टाकीपाशी होता ना?"

"होता. मी आणला वर," व्याही उत्साहाने म्हणाले. "गुडघ्यांमुळे खाली जाववत नाही. म्हटलं, काटा आपल्या डोळ्यांसमोर हवा. आता इथून बघतो आणि ओरडून सांगतो तिला, वाढव, कमी कर. झकास सोय झाली की नाही?"

काकांनी सरबताला हात लावला नाही. उठून मीटरच्या मागे डोकावले. तिथून दोन वायरी निघत होत्या, एक लाल, एक पांढरी, दारावरच्या घंटीला वापरतात तसल्या, शेवईसारख्या बारीक. काका त्यांच्या मागोमाग चालू लागले. वायरी भिंतीवरून दारापर्यंत गेल्या, जिन्याच्या कठड्याच्या कडेने खाली उतरल्या, मागच्या भिंतीला वळसा घालून धुण्याच्या हौदावरून पुढे गेल्या आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात, निकेलच्या टाकीमागे, शंटला जाऊन मिळाल्या. काका तिथे उभे राहिले. डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता.

लेक टाकीपाशी होती. रबरी हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट, पुतण्याला काय काय समजावून द्यायचं त्याची तयारी करत. पुतण्या त्याच दिवशी ताबा घ्यायला येणार होता.

"बाबा? खाली कसे आलात? पाय घसरेल, जपून."

"तुझ्या टाकीला चाळीस नाही मिळत गं," काका म्हणाले. "या वायरींनी मीटरचा वाटा खाल्ला. काटा चाळीस म्हणतो आणि इथे पन्नासाच्या वर जात असणार. तुझं बरोबर होतं."

"माहितेय," ती म्हणाली.

"माहितेय?"

"तुमच्या टेबलाखाली वाढले ना मी. पप्पांनी घंटीची वायर ओढली तेव्हा नाही लक्षात आलं, पण नळ जळायला लागल्यावर आलं. मी पप्पांना म्हटलं, वायरी बारीक पडतात बहुतेक. तर म्हणाले, तुझ्या बाबांनी दोनदा तपासलाय, ते म्हणतात बरोबर आहे, त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं का? आता यावर मी काय बोलणार होते?"

"मला सांगायचंस."

"फोन केला होता, बाबा."

काकांनी फडकं सोडून प्रमाण मीटर काढला, थेट शंटपाशी आपल्या जोडीच्या वायरींनी लावला. करंट सोडायला सांगितला. वरून व्याह्यांचा आवाज आला, "चाळीस!" आणि इथे काटा पन्नास ओलांडून साठाच्या अलीकडे थांबला. काका जिन्याखाली जाऊन ओरडले, "व्याही, खाली यावं लागेल. धरून आणतो, पण या."

व्याही एकेक पायरी उतरत आले. काट्याकडे पाहिलं, वर केबिनकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. काकांनी पट्टीची, वाट्याची, बारीक वायरीची सगळी गोष्ट सांगितली; आयुष्यात पहिल्यांदाच थोडक्यात सांगितली. आणि पुढे म्हणाले, "वायर तुम्ही बदललीत ती न कळून. माझं तसं नाही. मला कळतं. वायरींशिवाय मी कुणाचा मीटर दारात उभा करत नाही, आणि तुमचा दोनदा तपासला, तुमची भीड पडली म्हणून. वर जेवायला बसून छातीठोकपणे सांगितलं की बरोबर आहे. पोरीची टाकी गेली ती माझ्या त्या शब्दाने."

व्याह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे मी खुर्चीत बसून, सरबत पीत, स्वतःचे नळ जाळत होतो? आणि ओरडत होतो हिच्यावर?" त्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता ते सुनेकडे वळले तेव्हा चेहरा ओशाळलेला होता. "पोरी, तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. चुकलो मी."

"जुन्या वायरी आहेत ना पण?" तिने विचारलं.

होत्या. आखूड पडतात म्हणून व्याह्यांनी त्या केबिनच्या खणात जपून ठेवल्या होत्या, काकांनी बांधलेल्या चिठ्ठीसकट. तेवढ्यात पुतण्या आला, नवा एप्रन घालून, टाकी सांभाळण्याच्या जय्यत तयारीत. व्याही त्याला म्हणाले, "आलास? बरं झालं. वरचा मीटर उतरवून खाली आण. पडला तर तुझी धडगत नाही." त्याला काहीच उलगडलं नाही, पण गेला बिचारा.

"कुठे लावायचा?" व्याह्यांनी विचारलं. काकांनी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

"इथे," लेक म्हणाली आणि आपण उभी राहते तिथल्या भिंतीवर, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर बोट ठेवलं. "आणि पप्पा, तुमच्यासाठी इथे एक खुर्ची ठेवू. वरून ओरडण्यापेक्षा शेजारी बसा."

पुतण्याने मीटर खाली आणला आणि पाठोपाठ खुर्चीही. काकांनी मीटर बसवला, जोडीच्या वायरी लावल्या. तिने करंट सोडला आणि हळूहळू चाळीसवर आणला. या खेपेस काटा आणि प्रमाण मीटर एकच बोलत होते. तिने नळ टाकीत सोडले. वेळ झाली तेव्हा एक बाहेर काढला, धुतला, फडक्याने पुसला. कडेपर्यंत स्वच्छ, गुळगुळीत, इतका की काकांना त्यात आपलं नाक भोपळ्याएवढं दिसलं. व्याही "वा, वा" करत तो नळ पुतण्याला दाखवायला घेऊन गेले.

बापलेक दोघंच उरली. काका प्रमाण मीटर फडक्यात गुंडाळू लागले. गाठ नीट बसेना.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"रागावले होते." तिने हातमोजे काढले, फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि गाठ घट्ट मारून दिली. "मीटर बरोबर होता, बाबा. मीही बरोबर होते. तुम्ही तपासलं मात्र एकट्या मीटरला."

काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "चुकलं गं माझं," ते म्हणाले.

"हं," ती म्हणाली, आणि पुढचे नळ टाकीत सोडायला वळली. "थांबा आता. घाई करू नका. ही खेप निघेपर्यंत बसा इथेच, आणि बघा मी कशी काढते ते."

काका व्याह्यांच्या नव्या खुर्चीत बसले आणि बघत राहिले.